हायवेवरचा समुद्र

पास होता. चौघांचा, कुठेही नेणारा.
रजा नव्हती.
मे महिन्यात भुसावळच्या शेडमधून माणूस हलत नाही,
साऱ्या जगाला गावी पोचवायचं असतं त्याला.
तीन वर्षं तारकर्ली
ललितच्या पाकिटात घडी होऊन राहिली,
मग घडीवरच फाटली.

म्हणून नशिराबादच्या अलीकडे,
केळीच्या बागा संपून ढाबे लागतात तिथे,
माणशी सातशे, चार वर्षांखाली फुकट.
(कणाद त्या दिवसापुरता परत पावणेचारचा झाला.)

गेटवर फायबरचा डॉल्फिन, उन्हाने पांढरा पडलेला.
सिमेंटचे दोन माड, नारळांच्या जागी बल्ब.
कमानीवर लिहिलेलं : या, समुद्र तुमची वाट पाहतोय.
पंचेचाळीस डिग्रीत
तो खरंच बाहेर येऊन थांबला असता
तर बिचाऱ्याची वाफ झाली असती.

भाड्याच्या निळ्या नायलॉनमध्ये
मला मीच ओळखू आले नाही.
तसल्याच नायलॉनमध्ये यावलची एक बाई,
हात सारखा खांद्याकडे, नसलेला पदर सारखा करायला.
तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे,
आणि दोघी एकदमच पाण्यात बसून गेलो,
पंगतीला बसतात तशा, मांडी घालून.

मग भोंगा वाजला.
भिंतीमागे काहीतरी गुरगुरलं
आणि लाट आली,
हिरवीगार, गुडघ्यांतलं बळ काढून घेणारी.
गार्गी आनंदाने किंचाळली.
आणि ललित,
जो इंजिनाच्या पोटाखाली निवांत पडून नटबोल्ट पिळतो,
तो माझा दंड घट्ट धरून उभा.

तेवढ्यात कणादने पाणी चाटलं.
"खारट नाहीये."
परत चाटलं.
"मम्मी, हा खोटा आहे."
खालचा ओठ बाहेर आला, थरथरला.

मी पिशवी उघडली. दशम्या, शेव, कैरीच्या फोडी,
फोडींसाठी कागदाच्या पुडीत बांधलेलं मीठ.
सगळं त्याच्या लाल बादलीत उपडं केलं, हाताने ढवळलं.
"आता बघ."
बोट बुडवून त्याने चाखलं,
तोंड असं वाकडं केलं
की माझ्या जिवात जीव आला.
मग बादली घेऊन काठाकाठाने फिरला,
पोट सुटलेल्या अनोळखी काकांना
एकेक बोट समुद्र चाखवत.
कुणीही नाही म्हणालं नाही.

कैऱ्या आम्ही अळणीच खाल्ल्या.

साडेचारला लाईट गेली.
लाट होती तिथेच बसली.
गार्गी वाळूत शंख शोधत होती,
म्हातारा वॉचमन तिच्याजवळ उकिडवा बसला :
"हाई दर्यानी नही वं, माय. तापीनी वाळू शे. मना गावनी."
त्याने मूठभर उचलली,
बोटांच्या फटींतून गळू दिली,
कुणी घरचं भेटल्यासारखा जरा वेळ तिथेच राहिला.
गार्गीला नखाएवढा शिंपला मिळाला.
तिने कानाला लावला.
"वाजतोय!"
"मालगाडी आहे," ललित म्हणाला. "दोन इंजिनं."
मी त्याला कोपराने ढोसलं.

रात्रपाळीला निघताना
क्वार्टरच्या पायरीवर त्याने
बुटातली तापी झटकली.

जूनमध्ये वही आली. विषय : मी पाहिलेला समुद्र.
समुद्र दर तासाला दहा मिनिटं असतो.
त्यात माझ्या भावाने मीठ घातलं.
लाईट गेली की तो बसतो.
त्याच्या काठाने मालगाडी जाते, दोन इंजिनांची.
पप्पा त्याला घाबरतात, पण मम्मीला धरतात.

पहिल्या ओळीपुढे बाईंचं लाल प्रश्नचिन्ह.
खाली : पालकांची सही.
केली मी.
प्रश्नचिन्हाला खेटूनच.